अकरावं काम

धामणगाव रेल्वे या गावातल्या, कापसाची सरकी काढायच्या त्या जिनातलं इंजिन सकाळी जागं व्हायला पन्नास मिनिटं घ्यायचं. नवरदेवालासुद्धा घोड्यावर बसायला इतका वेळ लागत नाही, असं श्रावण म्हणायचा आणि ऐकणारे हसायचे. होतंच ते हसण्यासारखं. बाहेर फाटकापासून पार बाजाराच्या रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या, गाडीवाले शेकोटीभोवती बसून मालकाच्या सात पिढ्या उद्धरताहेत, आणि आत डोमाजी ड्रायव्हर एका हातात पेटती बत्ती नि दुसऱ्या हातात तेलाचं भांडं घेऊन इंजिनाभोवती फिरतोय. धार काढायच्या आधी म्हशीला कुरवाळावं तसा. घाई नाही, गडबड नाही.

डोमाजी हा श्रावणचा सख्खा मामा. श्रावणचा बाप लवकर गेला, तेव्हा डोमाजीनं बहिणीला आणि भाच्याला आपल्या घरी आणलं. पोराला मॅट्रिक केलं, पुढं अमरावतीला यंत्रकाम शिकायला ठेवलं. एकसष्ट सालच्या हंगामाला जिनाचे मॅनेजर उत्तमराव यांनी श्रावणला सुपरवायझर म्हणून घेतलं. बोली एका हंगामाची. काम पसंत पडलं तर कायम. त्या आवारात त्यांच्या वस्तीतला माणूस खुर्चीवर बसला, ती पहिलीच वेळ. पहिल्या दिवशी श्रावण इंजिनघरात शिरला तेव्हा डोमाजी उठून उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "या सायेब." श्रावण लाजला. पण मामाचे डोळे भरून आलेले त्याला दिसले, आणि ही खुर्ची काही झालं तरी सोडायची नाही, असं त्यानं त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. छप्पन साली डोमाजी सगळं घर घेऊन नागपूरला गेला होता, दीक्षेला. परत आल्यावर घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं वर्धेच्या पात्रात सोडले. श्रावण तेव्हा सतरा-अठराचा. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक शब्द पक्का बसला: कारण. ज्याला कारण नाही ते करायचं नाही. चांगलाच शब्द आहे हा. पण चांगला शब्दही माणसानं दुसऱ्याच्या तोंडासमोर काठीसारखा धरला, की समोरचा गप्प होतो. हे श्रावणला फार उशिरा कळलं.

तर दिवाळी झाली, कापूस यायला लागला, आणि उत्तमराव श्रावणला म्हणाले, "सात वाजता भोंगा होतो आणि आठला दहा कमी असताना पहिली सरकी पडते. काय करता येईल ते बघा."

श्रावणनं बघितलं. मनगटी घड्याळ नवंच होतं, त्याचंही चीज व्हायला हवं होतं. तीन दिवस तो इंजिनघराच्या पायरीवर वही घेऊन बसला आणि मामाची एकेक हालचाल त्यानं मिनिटासकट टिपली. एकूण अकरा कामं निघाली. इंजिनाचं डोकं बत्तीनं लाल होईपर्यंत तापवायचं, त्याला वीस मिनिटं. तेलाच्या वाट्या भरायच्या. पाण्याची टाकी बघायची. मोठं चाक हातानं दोनदा फिरवायचं. पट्टे चाचपायचे. फरशी पुसायची. मधेच चहा. असं करत करत दहा कामं. वही मिटायच्या आधी श्रावणनं अर्धी लढाई जिंकली होती. एकाऐवजी दोन बत्त्या लावल्या तर तापायचा वेळ निम्मा. तेल, पाणी, पट्टे हे सगळं आदल्या संध्याकाळी इंजिन बंद झाल्यावरच करून ठेवायचं. चाक एकदा फिरवलं तरी पुरे. फरशी नंतर पुसली तर इंजिन काही रुसत नाही.

राहिलं अकरावं काम.

इंजिन धडधडायला लागलं, की शेजारच्या लांबलचक खोलीतल्या यंत्रांकडे जाणारा पट्टा अजून मोकळा असायचा. एक लाकडी दांडा ओढला की पट्टा सरकायचा, जमिनीखालच्या खड्ड्यातला लांब शाफ्ट फिरू लागायचा आणि त्याच्यावर चोवीसच्या चोवीस रेचे चालू व्हायचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. तर हा दांडा ओढायच्या आधी डोमाजी मोठा लोखंडी पाना उचलायचा आणि त्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. प्रत्येक रेच्याच्या पायावर तीन ठोके. टण, टण, टण. आणि पुटपुटायचा, "चला बाई, उठा. येळ झाली." पार टोकाला पोचला, की खाली बघत जरा थांबायचा, मग परत येऊन दांडा ओढायचा. सात मिनिटं.

"हे काय करता मामा?" श्रावणनं विचारलं.

"मशिनी जाग्या करतो," डोमाजी म्हणाला आणि पाना जागेवर ठेवला.

श्रावणनं वहीत त्या ओळीपुढे लिहिलं, 'अंधश्रद्धा'. खाली दोन रेघा मारल्या.

त्या जिनात पंचफुला नावाची एक बाई होती. माळ्याची, विधवा, पंचेचाळिशीची. खाली शाफ्टच्या खड्ड्यात रुईची लव साचते, तिला ठिणगी लागली तर सगळं जिन पेटेल. म्हणून रोज पहाटे यंत्रं सुरू व्हायच्या आधी खड्ड्यात उतरून ती लव झाडून काढायचं काम तिचं. बोलायची कमी, हसायची जास्त. कुणी काही सांगायला लागलं, की त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत राहायची. नेहमी मैना नावाच्या दुसऱ्या मजुरणीबरोबर असायची आणि तिला विचारलेल्या प्रश्नांना बऱ्याचदा मैनाच उत्तर द्यायची. श्रावणला वाटलं, बाई जरा बावळट आहे, पण कामाला चोख आहे.

माणसं पारखण्यात आपली नजर तयार झाली आहे, असं त्याला तेव्हा वाटू लागलं होतं. त्याच महिन्यात त्यानं नत्थुजीची गोष्ट वर कळवली होती. नत्थुजी म्हातारा, पट्टे शिवायचा, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. सुई चाचपडत ओवायचा. 'यास कमी दिसते, यंत्राजवळ ठेवणे धोक्याचे,' असं श्रावणनं लिहून दिलं. त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याला फाटकावर बसवतील. उत्तमरावांनी त्याच संध्याकाळी नत्थुजीला घरी पाठवलं ते कायमचंच. श्रावणला वाईट वाटलं. पण लिहिलेलं खरं होतं, मग काय करायचं? डोमाजी त्या दिवशी जेवताना भाच्याशी एक शब्द बोलला नाही.

मग श्रावणनं नवी यादी करून उत्तमरावांपुढे ठेवली. उत्तमराव यादी घेऊन इंजिनघरातच आले आणि त्यांनी डोमाजीला बोलावलं. श्रावण एकेक कलम वाचत गेला. डोमाजी प्रत्येकाला मान डोलवत गेला. दोन बत्त्या? "हाव." तेल संध्याकाळी? "हाव, जमन." अकराव्याला मात्र तो थांबला.

"ठोकनं राहू दे," तो म्हणाला.

"काहून, मामा?"

"राहू दे म्हनलं ना."

"कारण सांगा," श्रावण म्हणाला. "सात मिनिटं जातात त्याच्यात. काही कारण असलं तर राहू देऊ."

डोमाजीनं भाच्याकडे पाहिलं. मग उत्तमरावांकडे पाहिलं. मग पुन्हा भाच्याकडे. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले.

"कारन काय राहते," तो शेवटी म्हणाला. "पह्यलेपासून ठोकतो, म्हनून ठोकतो."

उत्तमराव हसले. "डोमाजी, भोंगा आहे की. दोनदा वाजवा हवं तर. लोखंडाला काय जाग यायची!" आणि त्यांनी यादीवर सही केली.

त्या संध्याकाळी डोमाजी घराच्या ओट्यावर चहाची कपबशी घेऊन बसला होता. श्रावण शेजारी येऊन बसला तसा म्हणाला, "श्रावण, त्या ठोकन्याचं तुले एक सांगाचं व्हतं."

श्रावणला वाटलं, मामाला वाईट वाटलंय, आता समजूत काढायला हवी. समजूत काढायच्या नादात तो ऐकायचंच विसरला. "मामा," तो म्हणाला, "तुम्हीच ना देव नदीत सोडले? तुम्हीच शिकवलं ना मले, दगडाच्या पाया पडाचं नाही म्हणून? आणि आता तुम्हीच लोखंडाले उठवता? लोक हसतात. मले बरं वाटत नाही."

डोमाजी बशीत फुंकर मारत राहिला. "लय शिकला लेका तू," तो म्हणाला, आणि चहा पिऊन आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन अठरा मिनिटांत सुरू व्हायला लागलं. पन्नासाचे अठरा! पी हळद नि हो गोरी म्हणतात, ते धामणगावात खरं झालं. गाडीवाल्यांनी शिव्या देणं बंद केलं. उत्तमराव येणाऱ्या-जाणाऱ्याला श्रावणचं नाव सांगू लागले. आणि खोटं का बोला, अकरा कामांपैकी दहांच्या बाबतीत श्रावण पूर्ण बरोबर होता. पुढं आयुष्यभर त्याला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास झाला. पूर्ण चुकला असता तर स्वतःला मूर्ख म्हणून मोकळा झाला असता.

एक गोष्ट त्याच्या नजरेत आली होती. दांडा ओढायच्या आधी मामा टोकाच्या दाराकडे बघायचा. तिथं मैना उभी असायची. ती हात वर करायची, मग मामा दांडा ओढायचा. यात वेळ जात नव्हता, म्हणून श्रावणनं ते वहीत टिपलं नाही. ज्याला मिनिटं लागत नाहीत, त्याच्याकडे तेव्हा त्याचं लक्षच जात नव्हतं.

असा महिना गेला. जानेवारीतली एक सकाळ. धुकं होतं. मैना कामावर आली नव्हती. लेकीचं बाळंतपण होतं म्हणून आदल्या रात्रीच पुलगावला गेली होती. इंजिन धडधडत होतं. डोमाजीचा हात दांड्यावर होता आणि डोळे टोकाच्या दाराकडे. दार रिकामं होतं.

"मामा, अठरा झाले," श्रावण म्हणाला. घड्याळ त्याच्या हातात होतं.

"थांब जरा. पाहून येतो."

"काय पाहाचं आता? भोंगा दिला ना दोनदा?"

"एक मिनिट थांब रे."

"रोज एक मिनिट थांबलो, की पुन्हा पन्नास होतात. उत्तमराव फाटकात उभे आहेत, मामा. ओढा."

डोमाजी भाच्याकडे वळला. काहीतरी बोलणार होता. श्रावणनं घड्याळाची काच त्याच्यासमोर धरली. एकोणीस. डोमाजीनं दांडा ओढला.

आधी नेहमीसारखा पट्ट्याचा फटका ऐकू आला. मग बायकांची किंकाळी. डोमाजीनं दांडा परत ढकलला तो इतक्या जोरानं, की दांडा हातातच मोडला. पण शाफ्टला थांबायला जो वेळ लागतो, तो लागलाच. पंचफुलाचा पदर आधी शाफ्टला गुंडाळला गेला होता. तो सोडवायला तिनं उजवा हात घातला होता.

जिनाच्या ट्रकमधून तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. हात कोपराच्या वर काढावा लागला. दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मामा-भाचे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. डोमाजीच्या धोतरावर रक्त वाळलं होतं. श्रावण पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पण भोंगा तर दोनदा झाला. ऐकला कसा नाही तिनं? दोनदा झाला."

"ते बहिरी हाये," डोमाजी म्हणाला.

श्रावण भिंतीपासून सरळ झाला.

"सात-आठ वर्सं झाले. रेच्याच्या आवाजानं कान गेले तिचे, दोनी. मैनाले ठाऊक व्हतं, मले ठाऊक व्हतं. खड्ड्यात उतरली का एक हात लोखंडावर ठेवून झाडे. वर ठोकलं का हाताले कये. मंग ते तिकडच्या टोकानं बाहीर ये. मी तिले पाहो, मंग दांडा वढो. ठोकनं बंद झाल्यावर मैना तिले बाहीर काढे अन् मले हात दाखवे."

"मले सांगितलं काहून नाही?" श्रावण जवळजवळ ओरडला. "मी विचारलं होतं, मामा! कारण विचारलं होतं मी तुम्हाले!"

"इचारलं व्हतं," डोमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "उत्तमराव बाजूले उभे असताना इचारलं व्हतं. काय सांगू? बाई बहिरी हाये म्हनून? नत्थुजीले दिसत नाही, हे बी कोनीतरी सांगतलंच व्हतं ना."



तीन दिवसांनी उत्तमरावांच्या खोलीत चौकशी झाली. मालक नागपूरहून आले होते. दांडा कुणी ओढला, असं विचारलं. डोमाजी म्हणाला, "मी वढला. आंधी खड्ड्यात पाहाले पाह्यजे व्हतं, पाह्यलं नाही. चूक माही हाये." बहिरेपणाचं तो बोलला नाही. ठोकण्याचं बोलला नाही. घड्याळाचं तर नाहीच नाही. मालकांनी श्रावणकडे वळून विचारलं, "सुपरवायझर, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

श्रावणनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर मामाकडे गेली. मामानं मान हलवली. थोडीशीच, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी. नको, अशी.

"नाही," श्रावण म्हणाला.

डोमाजीचं काम गेलं. अठ्ठावीस वर्षांचं काम. मार्चमध्ये श्रावण कायम झाला. मामानंच मान हलवली होती, मी कुठं लपत होतो, असं तो स्वतःला कित्येक वर्षं सांगत राहिला. हे सांगणं सकाळी पटायचं, संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही. ज्यानं वाढवलं त्याला पोराच्या खुर्चीसाठी मान हलवावी लागली, यात मोठेपणा मामाचा होता. आपल्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता.

डोमाजी मामीला घेऊन सासुरवाडीला राहायला गेला. जाताना भाच्याच्या पाठीवर हात फिरवून गेला. चौसष्ट साली वारला. श्रावणनं त्याआधीच धामणगाव सोडलं होतं. अकोल्याला एका तेलाच्या कारखान्यात फोरमन झाला होता आणि जठारपेठेत खोली घेऊन राहत होता. तिथं विजेच्या मोटारी होत्या. बटण दाबलं की चालू. तरी रोज सकाळी हातात पाना घेऊन तो सगळ्या यंत्रांवरून तीन-तीन ठोके देत फिरायचा. कामगार हसायचे. "फोरमनसायेब मशिनी उठवून राहिले," म्हणायचे. तो कुणाला कारण सांगत नसे. कुणी विचारतही नसे.

सदुसष्ट सालच्या दसऱ्याला तो धामणगावला आईला भेटायला गेला, तेव्हा स्टेशनवर मैना भेटली. म्हातारी झाली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. पंचफुलाचं कसं चाललंय, हे विचारायला श्रावणची जीभ रेटत नव्हती. मैनानं आपणच सांगितलं. दिराच्या मळ्यातला भाजीपाला विकते, कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत वांग्यांची गाडी घेऊन बसते, बरं चाललंय. "पन एक सांगू सायेब? डोमाजीदादाचं नाव निंगलं का तिचं तोंड उतरते. दादानंच तिले सांगतलं ना, का ठोकाचा मले कटाया आला व्हता, म्हनून मीच बंद केलं. मले बी तसंच सांगतलं. आता तुमीच सांगा, दादाले कधी कशाचा कटाया आला काय?"

श्रावण रात्रभर आईच्या घरी छताकडे बघत पडून राहिला. मामानं दोष घेतला होता, हे त्याला माहीत होतं. पण पंचफुलापुढेही घेतला असेल, आणि असा घेतला असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मामा तर गेला. आता निदान तिच्या मनातलं त्याचं नाव तरी धुऊन द्यायला हवं. एका वाक्याचं काम होतं. मामानं नाही बंद केलं, मी केलं. बस.

कार्तिकातल्या जत्रेला तो कौंडण्यपूरला गेला. टेकडीवर देवळात गर्दी होती, तो तिकडे फिरकला नाही. नदीकाठानं भाजीवाल्यांच्या रांगेतून शोधत गेला. शेवटून तिसरी गाडी तिची. सोडलेल्या बैलगाडीच्या चाकाला टेकून, नदीकडे तोंड करून ती बसली होती. डावा हात चाकाच्या लोखंडी धावेवर होता. उजव्या बाजूला पदर नीट खोचलेला.

"पंचफुलाबाई," त्यानं मागून हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली. मग त्याच्या लक्षात आलं. समोर पोत्यावर वांग्यांच्या ढिगाशेजारी तराजू होता, किलोचं माप होतं. त्यानं वाकून ते माप उचललं आणि काही विचार न करता चाकाच्या धावेवर ठोकलं. टण, टण, टण.

ती गर्रकन वळली. "दादा!"

तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो श्रावणनं पुढे जन्मभर कधी विसरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. विसरला नसताच. दुसऱ्या क्षणी तिनं त्याला ओळखलं, आणि आनंद ओसरला, पण हसू राहिलं.

"श्रावणसायेब तुमी! पाय बरं, येडीच हाव मी." बहिऱ्या माणसासारखी ती जरा मोठ्यानं बोलत होती. "दादा जाऊन तीन वर्सं झाले, कये ना मले. पन हाताले नाही कयत. बसा. या, पोत्यावर बसा."

तो बसला. तिनं घरच्यांची चौकशी केली, आईची केली, अकोल्याची केली. तो तोंडाकडे बघू देत एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग तीच म्हणाली, "तुमी ठोकलं अन् मले सारं आठोलं. दादा मले पाहाले येत ना दवाखान्यात. रडत माह्यापाशी बसून. मी म्हनो, दादा, हात गेला तं गेला, तुमी कावून रडता? मानूस चुकते. दांडा वढला त्याचं मले काहीच नाही, सायेब. खरंच नाही."

ती एक वांगं उचलून त्याचं देठ चाचपत राहिली.

"एकच लागलं मले. मी इचारलं त्याईले, का दादा, एवढे वर्सं ठोकलं, मंग महिनाभर आंधी बंद कावून केलं? तं म्हने, कटाया आला व्हता पंचफुला. कटाया! माह्या जिवाचा कटाया आला व्हता दादाले? ते मले अजूक बी जात नाही. बाकी सारं गेलं."

हीच वेळ होती. याच्यासाठीच तो आला होता. श्रावणची मान खाली गेली. पोत्याच्या सुतळीकडे बघत तो म्हणाला, "मामाले कंटाळा नव्हता आला. मामानं बंद केलंच नाही, बाई. मी केलं. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्या दिवशीही ते पाहून येतो म्हणाले, मीच घड्याळ दाखवलं. मग साऱ्यांसमोर गप्प राहिलो. सगळा दोष माझा आहे." सहा वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर पडलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, आणि आता ती काय म्हणते म्हणून तो ऐकत राहिला.

पंचफुलानं त्याच्या गुडघ्याला हात लावला.

"काय म्हनलं, सायेब? खाली पाहून बोलले तं मले नाही समजत. तोंड दिसाले पाह्यजे. वर पाहून सांगा ना."

श्रावणनं वर पाहिलं. तिचे डोळे त्याच्या ओठांवर लागले होते, लक्ष देऊन, थोडे हसरे, जिनात कुणी काही सांगायला लागलं की लागायचे तसेच. त्यानं तोंड उघडलं. या वेळी मान हलवून नको म्हणायला मामा नव्हता. कुणीच नव्हतं. एक वाक्य होतं.

"वांगे कसे दिले?" तो म्हणाला.

"हात्तेच्या! म्हनून इतले खाली पाहून राहिले?" ती खळखळून हसली. "घ्या ना. पिशवी हाये का?"

तिनं एका हातानं किलोभर वांगी तराजूत घातली. तराजूची दोरी दातांत धरून वजन बघितलं, आणि मग त्याच्या पिशवीत ओतली. ओतून झाल्यावर ढिगातून आणखी दोन, चांगली निवडून, वर टाकली.

"हे काहून?" श्रावणनं विचारलं.

"असू द्या," पंचफुला म्हणाली. "काही झालं तरी दादाचे भाचे तुमी."

श्रावणनं पिशवी घेतली.